दशमांश आधी की दाजींचे पैसे आधी?

जेलरोडकर (धागाकर्ता), शनिवार, रात्री १०.४०

सर्वांना सलाम. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

नाशिकरोडला राहतो, अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. हातात ३८,००० येतात. घराचा हप्ता १४,२००. मोठीची शाळा, धाकट्याची बालवाडी, आईची औषधं. वीस तारखेनंतर पाकिटात काय उरतं ते तुम्हीच समजा.

मागच्या पावसाळ्यात आई न्हाणीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनला पैसे कमी पडले तेव्हा दाजी रात्री साडेअकराला दवाखान्यात आले आणि पिशवीतून ९०,००० काढून दिले. चिठ्ठी नाही, व्याज नाही, कधी देशील हेही नाही. दाजींचा छोटा टेम्पो आहे, मार्केट यार्डातून भाजी वाहतात. आतापर्यंत २५,००० फिटलेत, ६५,००० राहिलेत. परवा ताई बोलता बोलता म्हणाली, टेम्पोचे मागचे दोन्ही टायर गुळगुळीत झालेत आणि इन्शुरन्सही आलाय. मागितले नाहीत, नुसतं म्हणाली. माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) महिन्याच्या पहिल्या रविवारी दशमांशाची पाकिटं जमा होतात. सौ. न चुकता ३,८०० घालते. मी म्हटलं, वर्षभर हे थांबवू, दाजींचे फेडू, मग देवाचं बघू. देवाचा टेम्पो काही टायरवाचून अडलेला नाही. ती म्हणते, तो दहावा वाटा मुळात आपला नव्हेच, तर त्यातून आपलं कर्ज कसं फेडणार? त्यातच गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी बायबलातल्या मलाखीचा तिसरा अध्याय घेतला, दशमांश न देणं म्हणजे देवाला ठकवणं. मंडळी उभी राहून गीत गात होती आणि ही माझ्याकडे अशी बघत होती की जणू अर्पणाच्या थैलीत हात घालताना मला धरलंय.

आठ दिवस घरात कामापुरतंच बोलणं चाललंय. आधी कोणाचं द्यायचं? जाणकारांनी शास्त्र सांगावं, अनुभवींनी अनुभव.

कॅम्पातला पीटर, रात्री ११.०२

आधी देवाचं. मत्तय ६:३३, पहिल्याने त्याचं राज्य मिळवण्यास झटा, बाकीचं तो बघतो. मी देवळालीत शिकवण्या घेऊन १,५०० कमवत होतो तेव्हाही १५० बाजूला काढले. आज स्वतःचं घर आहे. वहिनी बरोबर आहेत. टायरचं देव बघेल.

पंचवटीचा पक्या, रात्री ११.१५

मी तुमच्यातला नाही, पण धागा रंगणार असं दिसतंय म्हणून बसलो. एक बाळबोध प्रश्न. हे दहा टक्के आले कुठून? आमच्याकडे देवाचं देणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. गणपतीची वर्गणी सोडून. (हलकं घ्या.)

ग्रंथाळ, रविवार, सकाळी ७.२०

पक्याभाऊ, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. चर्चला जाणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना मलाखी ३:१० पाठ असतं, पण त्यामागचा हिशोब ठाऊक नसतो.

दहावा हिस्सा पहिल्यांदा दिसतो तो उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात. अब्राहाम लढाईहून परतताना मलकीसदेक या याजक-राजाला दहावा भाग देतो. ती लूट होती, पगार नव्हता, आणि पुन्हा दिल्याचा उल्लेख नाही. मग नियमशास्त्रात लेवीय २७ मध्ये जमिनीचं धान्य, झाडाची फळं आणि गुरंमेंढरं यांचा दहावा हिस्सा येतो. गणना १८ मध्ये तो लेव्यांना, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशाला, द्यायला सांगितलाय, कारण बाकी वंशांना जमीन मिळाली आणि लेव्यांना मिळाली नाही. त्या लेव्यांनीही मिळालेल्यातला दहावा भाग पुढे याजकांना द्यायचा.

अनुवाद १४ मात्र उपासनेत फारसा वाचला जात नाही. तिथे म्हटलंय की दशमांश घेऊन देवाने निवडलेल्या ठिकाणी जा आणि तिथे कुटुंबासह आनंदाने तो खा. वाट लांबची असेल तर माल विकून पैसे गाठीला बांध आणि तिथे जाऊन मनाला येईल ते घे, बैल, मेंढरं, द्राक्षारससुद्धा. आणि दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश आपल्याच गावात ठेव, लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावा म्हणून. पाकिटावर छापलेल्या वचनात हे बसत नाही.

नव्या करारात मंडळ्यांना टक्केवारी लावलेली नाही. पौल करिंथकरांना लिहितो, ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, नाखुशीने किंवा भाग पडतं म्हणून नव्हे. दशमांशाची सक्ती आली ती नंतर. इ.स. ५८५ मध्ये फ्रान्समधल्या माकों इथल्या धर्मसभेने तो न देणाऱ्याला बहिष्काराची धमकी दिली, ७७९ मध्ये शार्लमेनने त्याला राजाज्ञेचं बळ दिलं. इंग्लंडात शेतमालावरचा दशमांश पुढे रोख आकार होऊन राहिला आणि १९३६ च्या कायद्याने मोडीत निघाला. कॅथलिक मंडळींना तर आज टक्केवारीच नाही. चर्चच्या गरजा भागवण्याचं कर्तव्य आहे, आकडा नाही.

देऊ नका असं मी म्हणत नाही. मी स्वतः देतो. पण 'न देणारा चोर' हे वाक्य खुब्याच्या ऑपरेशनचं कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला ऐकवायचं नसतं.

निफाडची बाग, रविवार, सकाळी ७.५८

ग्रंथाळ, प्रतिसाद आवडला. आमच्यासारख्या द्राक्षवाल्यांचं दुखणं वेगळंच. दहावा हिस्सा कशाचा काढायचा? एप्रिल छाटणी, ऑक्टोबर छाटणी, औषधं, डिपिंग, मजुरी असा खर्च करून माल उभा करायचा. व्यापारी पट्टी करतो तो आकडा बघून पाळकबाबांना वाटतं यंदा देवाने फार दिलं. त्यातले किती सोसायटीचे, किती औषधाच्या दुकानाचे, ते आम्हालाच ठाऊक. एका वर्षी पाडव्याच्या पुढेमागे गारा पडल्या, मणी फुटले, माल वायनरीवाल्याने पण उचलला नाही. दुसऱ्या वर्षी माल चांगला आला तर व्यापारी अर्धे पैसे ठेवून पसार. तेव्हा मी देवाला म्हटलं, तुझा दहावा हिस्सा त्याच्याकडून वसूल कर.

मी आता खर्च वजा जाता काढतो. बरोबर की चूक मला माहीत नाही. हंगामाच्या सणाला मात्र पहिल्या घडांची एक पेटी चर्चमध्ये जाते, तिचा हिशोब मी करत नाही.

मोसमकाठचा, रविवार, सकाळी ९.१०

मालेगावहून. आमच्याकडे इस्लामात जकात (धर्मदानाचा वाटा) अडीच टक्के, पण कमाईवर नाही. वर्षभर साठून राहिलेल्या ऐवजावर, तेही ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तरच, आणि आपण देणं लागतो ते त्यातून वजा करून. कर्जात बुडालेला माणूस तर जकात घ्यायला पात्र. माझ्या वालिदांच्या हिशोबाच्या वहीत जकातीच्या पानाआधी उधारीचं पान असायचं. तुमच्या शास्त्रात ढवळाढवळ नाही, नुसतं सांगितलं.

कॅम्पातला पीटर, रविवार, दुपारी १.३०

उपासनेहून आत्ता आलो. सगळे मिळून देवाला सूट मागताय. मग त्या गरीब विधवेचं काय? तिने मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या (अगदी हलकी नाणी) टाकल्या, होतं नव्हतं ते सगळं. तिला कुणी खर्च वजा जाता सांगितलं नाही.

ओझरची मार्था, रविवार, दुपारी २.१५

पीटरभाऊ, मार्क १२ चं ४१ पासून वाचलंत. ४० वं पण वाचा. त्याच्या एकच ओळ आधी प्रभू म्हणतो की शास्त्री विधवांची घरं गिळंकृत करतात. आणि लगेच समोर एक विधवा शेवटचे पैसे टाकताना दिसते. मी तीस वर्षं ही गोष्ट शब्बाथशाळेत मुलांना 'बघा, किती उदार' म्हणून शिकवली. आता वाटतं, प्रभू तिचं कौतुक करत होता की हळहळत होता?

आणि जेलरोडकर, तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा उतारा अजून कुणी काढलाच नाही. मार्क ७, कुर्बान. मुलगा आईबापांना म्हणायचा, माझ्याकडून तुम्हाला जे मिळणार होतं ते आता कुर्बान झालं, देवाला वाहिलं. झालं, आता आईबापांना काही द्यायचं बंधन नाही आणि वर पुण्यवान. प्रभू याला देवाची आज्ञा रद्द करणं म्हणतो. देवाच्या नावाने माणसाचं देणं बुडवायची युक्ती दोन हजार वर्षं जुनी आहे.

कॅम्पातला पीटर, रविवार, दुपारी २.२२

दाजी म्हणजे आईबाप नव्हेत.

ओझरची मार्था, रविवार, दुपारी २.२४

पैसे कुणाच्या खुब्याला लागले?

खजिनदार मनमाड, रविवार, सायं. ५.४५

मी एका छोट्या मंडळीचा खजिनदार आहे. तीन वर्षांची मुदत संपली की पायऱ्यांवर नारळ फोडणार, आमच्यात फोडत नाहीत तरी.

सगळे पाळकांवर घसरलेत म्हणून दुसरी बाजू. आमच्याकडे ४२ कुटुंबं. नियमित देणारी अकरा, त्यातली सात पेन्शनरांची. लाइटबिल, छपराची गळती, कब्रस्तानाच्या राखणदाराचे पैसे, वर पाळकांचा पगार. तो ऐकलात तर तुमच्या कारखान्यातला हेल्पर हसेल. गेल्या डिसेंबरात दोन महिन्यांचा पगार थकला. पाळकांच्या बाईंनी दुकानदाराकडून तांदूळ उधार आणला, आणि त्याच आठवड्यात आम्ही नाताळच्या लायटिंगला ९,००० मोजले. मीच चेक लिहिला. मलाखीवर प्रवचन करणारा पाळक कधी कधी स्वतःच्या स्वयंपाकघरातून बोलत असतो.

याचं मूळ जुनं आहे. नाशकात शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसली ती मिशनच्या पैशावर. १८५० च्या दशकात मिशनरी प्राइससाहेबांनी ती उभी केली, गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथे ठेवली. (त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिका धुंडाळणाऱ्या लिव्हिंगस्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनालाही हजर होता. शरणपूर रोडवर रोज ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्यांना हे माहीत नसतं. विषयांतर झालं, असो.) तर पैसा साहेबाकडून येणार ही सवय आपल्या आजोबांना लागली. साहेब गेले, सवय राहिली. आपल्या शेजारच्या जलालपूरचे जावई कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. परक्यांच्या पैशावर उभी राहिलेली मंडळी आपली वाटत नाही, हे दुखणं त्यांना तेव्हाच दिसलं होतं.

म्हणून जेलरोडकर, दाजींचे जरूर द्या, पण पाकीट अगदी रिकामं ठेवू नका. ३८० टाका. खजिनदाराला आकड्यापेक्षा पाकीट आलं याचा धीर असतो.

पंचवटीचा पक्या, रविवार, सायं. ६.०५

पावतीवर ८०जीची करसवलत मिळते का? सहज विचारतोय.

खजिनदार मनमाड, रविवार, सायं. ६.११

पाळकांचा पगार आणि उपासना यांसाठी दिलेल्याला नाही. शाळा-दवाखाना चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला दिलंत तर, तेही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच, आणि २,००० च्या वर रोख दिलं तर नाहीच. देवाला देताना कैसराकडून, म्हणजे सरकारकडून, परत मागायची घाई नको :)

नोटप्रेसवाले काका, रविवार, रात्री ८.३०

कैसराचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी ३४ वर्षं कैसराचा शिक्का छापला. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात. आधी पंचम जॉर्ज होते, मग सिंह आले, १९९६ पासून गांधीजी. चेहरे बदलले तरी गेटवरची झडती तीच. दिवसभर एवढा पैसा डोळ्यांसमोरून जायचा की नोट म्हणजे कागद हे डोक्यात पक्कं बसलं. पगार झाला की मात्र तोच कागद जड व्हायचा.

रोमी सम्राटाला, म्हणजे कैसराला, कर द्यावा का असं विचारलं तेव्हा प्रभूने दिनार हे नाणं मागितलं, ते त्याच्या स्वतःच्या खिशात नव्हतं. विचारणाऱ्यांच्या खिशात होतं. मजुराचा एक दिवसाचा रोज, त्यावर तिबेर्य कैसराचं तोंड आणि तो देवत्व पावलेल्या औगुस्ताचा पुत्र आहे असा लेख. मूर्तीचं नाव काढलं तरी विटाळ मानणारे तो कमरेला बांधून मंदिरात उभे होते. जुना ख्रिस्ती पंडित तर्तुलियन यावर म्हणतो, नाण्यावर कैसराची प्रतिमा म्हणून नाणं कैसराला, माणसावर देवाची प्रतिमा म्हणून माणूस देवाला. आपण उलटं करतो. नोट देवाला देतो आणि माणूस घरी ठेवतो.

आता माझी गोष्ट. ऐंशीच्या दशकात माझा दशमांश एक महिना चुकला नाही. त्याच काळात उपनगरातल्या किराणा दुकानदाराची माझी उधारी आठ महिने थकलेली. एका रविवारी इस्त्रीचा शर्ट, हातात पाकीट, दुकानावरून चाललो होतो. पाकिटावर माझं नाव आणि रक्कम लिहिलेली. शेठनी ते वाचलं. काही वाईट बोलले नाहीत. वही मिटून म्हणाले, तुमच्या देवाचं खातं माझ्या आधी उघडलेलं दिसतंय. मी चर्चला गेलो, पण त्या दिवशी पाकीट थैलीत पडेना. मत्तय ५ मध्ये आहे, अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. मी शब्दशः तसंच केलं, पाकीट खिशात परत घालून दुकानात गेलो. शेठनी मोजून घेतले आणि मला चहा पाजला.

तरीही सूनबाईंना चूक म्हणवत नाही. बाई उगाच हट्ट धरत नाही. तिला एकदा विचारलंत का, का देतेस म्हणून? की नुसतं 'थांबवू' म्हणालात?

सातपूरची लेक, रविवार, रात्री १०.५०

सर्वांना सलाम. हे खातं आत्ताच काढलं. जेलरोडकर माझे यजमान आहेत. ते झोपलेत. फोन चार्जिंगला लावला तेव्हा धागा उघडाच होता.

काकांनी विचारलंय म्हणून सांगते. मला पाळकसाहेबांची भीती नाही. ज्या रात्री आईंना आत नेलं, हे आणि दाजी खाली बिलाच्या खिडकीवर होते. मी वर एकटी. डॉक्टर वयाचं, शुगरचं काय काय सांगून गेले होते. तेव्हा मी नवस बोलले, की आई स्वतःच्या पायांनी चालल्या तर वर्षभर पूर्ण दशमांश देईन, एक महिना चुकवणार नाही. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला नेहरूनगरला जाऊन मेणबत्तीही लावून आले. आम्ही प्रोटेस्टंट, यात्रा कॅथलिकांची, म्हणून घरी बोलले नाही. शेजारच्या पाटीलकाकू दरवर्षी जातात, त्यांच्याबरोबर गेले. आई आता वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जातात. वर्षाला चार महिने उरलेत.

आणि एक राहिलं. यांनी ३८,००० लिहिले. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, त्याचे महिन्याला आठ-नऊ हजार येतात. ते भाजी, दूध आणि गॅसमध्ये जातात म्हणून ते कुठल्याच हिशोबात येत नाहीत. या धाग्यातही नाही आले. टायरचं मला माहीत नव्हतं. ताई मला बोलल्या नाहीत.

ओझरची मार्था, रविवार, रात्री १०.५८

बाई गं.

ग्रंथाळ, रविवार, रात्री ११.३०

वहिनी, हे आधी कळलं असतं तर माझा सकाळचा निम्मा प्रतिसाद लिहिलाच नसता. दशमांश आणि नवस या दोन वेगळ्या गोष्टी. दशमांशाच्या टक्केवारीवर वाद घालता येतो, नवसावर नाही. उपदेशक पाचवा अध्याय म्हणतो, नवस करून न फेडण्यापेक्षा तो न केलेला बरा.

गणना ३० मध्ये विवाहित स्त्रीच्या नवसाचा नियम आहे. त्या काळचा आहे, आज कुणाला पटेल न पटेल. नवऱ्याने ऐकलं त्या दिवशी हरकत घेतली तर नवस रद्द. ऐकून तो गप्प राहिला तर नवस कायम.

कॅम्पातला पीटर, सोमवार, सकाळी ६.४०

वहिनी, परवा टायरचं मी जरा हलकं बोललो. दाजींचा टेम्पो कुठला आहे? माझा मेव्हणा नाशकात द्वारका चौकात टायरचं काम करतो, चांगले रिमोल्ड मिळतील. व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवतो.

जेलरोडकर, सोमवार, रात्री ९.१५

पहिल्या पाळीला होतो. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये धागा वाचला. सौ.चा प्रतिसाद दोनदा वाचला. शेजारचा विचारत होता, डबा का नाही उघडत.

ग्रंथाळ, मी आज ऐकलं. गप्प आहे.

घरी आल्यावर वही काढली. दोघांची कमाई पहिल्यांदाच एका पानावर लिहिली, लग्नाला अकरा वर्षं झाली. चार महिने नवसाचे ३,८०० तिच्या शिवणातून जातील, तिनेच सांगितलं. तेवढी भाजी-दुधाची माझ्या पगारातून. माझी मोटारसायकल सर्व्हिसिंगला जायची होती, ती नाही जाणार, आणि भिशीचा नंबर दिवाळीऐवजी या महिन्यात मागून घेतला. त्यातून आज दाजींना १२,००० पाठवले. नवस संपल्यावर पाकिटात किती टाकायचं ते तेव्हा बघू. तिचं म्हणणं ३,८००, माझं खजिनदारसाहेबांसारखं. यावर अजून भांडण व्हायचंय.

दाजींचा फोन आला. म्हणाले, एवढे एकदम कशाला, पोरांच्या फिया भरल्यास का? मी टायर म्हणालो, तर गप्पच झाले. मग म्हणाले, तुझ्या बहिणीला काही पोटात ठेवता येत नाही.

आई विचारतेय, नेहरूनगरला तिलाही जायचंय, रिक्षा देवळाच्या पायरीपर्यंत जाते का. कुणाला माहीत असेल तर सांगा.